शेवटच्याला पहिला मान : ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे संघ कसे घडतात

मेलबर्नचं एमसीजी आपल्याला ठाऊक असतं ते बॉक्सिंग डे कसोटीमुळे. ती कसोटी वर्षातून एकदाच येते. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत हे मैदान ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं असतं, आणि अंतिम सामन्याला तिथे जवळपास एक लाख माणसं जमतात. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. अंडाकृती मैदान, लांबट चेंडू, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की गोल, म्हणजे सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. खेळाचे नियम मेलबर्नमध्ये १८५९ साली लिहिले गेले, आणि १८९७ मध्ये खेळू लागलेल्या व्हिक्टोरियन लीगचं १९९० साली ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ म्हणजे एएफएल असं नामांतर झालं. आज तिच्यात १८ क्लब आहेत.

आयपीएलच्या लिलावाला सरावलेला माणूस इथे आला की पहिला प्रश्न विचारतो, अमुक खेळाडू कितीला गेला? पण इथे अठरा वर्षांच्या नव्या खेळाडूवर पैशाची बोली लागत नाही. तो कुणाच्या वाट्याला येतो, हे नियमाने ठरतं. शिवाय मेलबर्नच्या क्लबांना आपल्या फ्रँचायझींसारखा धनाढ्य मालक नसतो. क्लब सभासदांचा असतो आणि संचालक मंडळ सभासद निवडतात. खेळाडू वाटून देण्याची ही पद्धत आणि सभासदांची निष्ठा ही दोन चाकं एकाच गाडीची आहेत. म्हणून दोन्ही बरोबरच समजून घ्यायला हवीत.

पत्त्यावरून ठरणारा संघ

पूर्वी खेळाडूचा क्लब त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरे. मेलबर्नची उपनगरं क्लबांना वाटून दिलेली होती. १९६८ पासून व्हिक्टोरिया राज्याचा ग्रामीण भागही तसाच वाटला गेला. बेंडिगोचा पट्टा कार्लटनकडे गेला, मॉर्निंग्टन द्वीपकल्प हॉथॉर्नकडे. वाटणी समसमान नव्हती. हॉथॉर्नला त्या पट्ट्यातून ली मॅथ्यूजसारखे खेळाडू मिळाले आणि काही क्लबांच्या हाती फारसं काही लागलं नाही.

या पद्धतीला पहिला अपवाद भावनेपोटी झाला. रॉन बॅरासी हा मेलबर्न क्लबचा खेळाडू १९४१ मध्ये तोब्रुकच्या लढाईत मारला गेला. त्याचा त्याच नावाचा मुलगा मोठा झाला तेव्हा पत्त्याप्रमाणे तो दुसऱ्या क्लबच्या हद्दीत होता. मेलबर्न क्लबने आग्रह धरला आणि वडिलांच्या क्लबकडून मुलाला खेळू देणारा नियम त्याच्या कामी आला. मुलाने १९५३ मध्ये मेलबर्नकडून पदार्पण केलं आणि क्लबच्या सहा विजेतेपदांत तो खेळला.

मग १९६४ च्या हंगामानंतर हाच बॅरासी कर्णधार-प्रशिक्षक म्हणून कार्लटनला गेला. मेलबर्नच्या पाठीराख्यांना तो धक्का पुढे कित्येक वर्षं पचला नाही. मेलबर्नने त्यानंतरचं विजेतेपद मिळवलं ते थेट २०२१ मध्ये, म्हणजे ५७ वर्षांनी. बॅरासीने मात्र कार्लटनला १९६८ आणि १९७० मध्ये अजिंक्यपद मिळवून दिलं. १९७० च्या त्या अंतिम सामन्याला १,२१,६९६ प्रेक्षक होते, आणि तो उच्चांक आजही कायम आहे.

पत्त्याची पद्धत मोडली ती कोर्टात. साउथ मेलबर्न हा क्लब १९८२ मध्ये सिडनीला हलवण्यात आला. त्याच क्लबच्या सिल्व्हिओ फोस्किनी या तरुण खेळाडूला सिडनीला जायचं नव्हतं. त्याला मेलबर्नमध्येच सेंट किल्डाकडून खेळायचं होतं आणि नियम आडवे येत होते. १९८३ मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. माणसाला काम करण्यापासून असं अवाजवी रोखता येणार नाही, असा त्याचा आशय होता. लीगला नवी व्यवस्था उभारणं भाग पडलं. १९८५ मध्ये प्रत्येक क्लबच्या पगारखर्चावर मर्यादा आली आणि १९८६ मध्ये पहिला राष्ट्रीय ड्राफ्ट झाला.

ड्राफ्ट चालतो कसा

पंगतीत शेवटच्या पानावर बसलेल्याला आधी वाढायचं, असा ड्राफ्टचा साधा न्याय आहे. हंगामात तळाला राहिलेला क्लब नोव्हेंबरात पहिली निवड करतो आणि विजेता क्लब फेरीच्या शेवटी. एक फेरी संपली की पुन्हा तळापासून सुरुवात. त्या वर्षाअखेर अठरा पूर्ण करणारी मुलं यासाठी पात्र ठरतात. मुलगा पर्थचा असो की अ‍ॅडलेडचा, ज्या क्लबने नाव पुकारलं त्याच्या शहरात बिऱ्हाड हलवायचं.

नाव पुकारण्याआधी क्लबांचे पारखी दोन-तीन वर्षं मुलांच्या मागावर असतात. अठरा वर्षांखालच्या राज्य स्पर्धा, शाळांचे सामने, दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या स्थानिक लीग ते पालथ्या घालतात. वीस मीटर धाव, उंच उडी, दोन किलोमीटरची दौड अशा चाचण्या होतात. मुलाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलणं होतं. एवढं करूनही अंदाज चुकतात, कारण सतरा वर्षांच्या मुलाकडे बघून पंचविशीतला खेळाडू ओळखायचा असतो.

२००१ चा ड्राफ्ट आजही दाखल्यासाठी काढला जातो. ल्यूक हॉज पहिला, ल्यूक बॉल दुसरा आणि क्रिस जड तिसरा निवडला गेला. तिघेही मोठे खेळाडू झाले. पण त्याच वर्षी ५८ व्या क्रमांकावर कॉलिंगवुडने डेन स्वान घेतला, आणि दहा वर्षांनी त्याने ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला. १९९० मध्ये एसेंडनने जेम्स हर्डला ७९ व्या क्रमांकावर घेतलं होतं. त्यानेही पुढे ब्राउनलो जिंकलं आणि एसेंडनचं कर्णधारपद सांभाळलं. जोएल सेलवुड गुडघ्याच्या दुखापतीमुळे २००६ मध्ये सातव्या क्रमांकापर्यंत उरला. जिलाँगने त्याला उचललं, आणि त्याने क्लबकडून ३५५ सामने खेळले.

योग्य निवडींची माळ लागली की काय होतं, ते हॉथॉर्नने दाखवलं. २००४ मध्ये त्यांच्याकडे दुसरी, पाचवी आणि सातवी निवड होती. त्यांनी जॅरिड रफहेड, लान्स फ्रँकलिन आणि जॉर्डन ल्युइस घेतले. हे तिघे २००८ आणि २०१३ च्या विजेत्या संघांत होते.

ही रांग लीग शिक्षेसाठीही वापरते. कार्लटनने पगारमर्यादा ओलांडून छुपे पैसे दिल्याचं २००२ मध्ये उघड झालं. नऊ लाखांहून अधिक डॉलरचा दंड झाला आणि पहिल्या दोन निवडी काढून घेतल्या गेल्या. क्लब त्या वर्षी इतिहासात पहिल्यांदाच तळाला होता आणि तळाचा लाभही गेला. दंड वर्षभरात विसरला जातो. हुकलेले खेळाडू दहा वर्षं प्रतिस्पर्ध्याच्या जर्सीत डोळ्यांसमोर धावत राहतात.

तळाचा मोह

हरण्याला बक्षीस असेल तर कुणी मुद्दाम हरणार नाही का? २००९ मध्ये ठरावीक संख्येपेक्षा कमी विजय मिळवणाऱ्या क्लबला जादा निवड मिळायची. मेलबर्नने त्या वर्षी चारच सामने जिंकले आणि पहिली व दुसरी अशा दोन्ही निवडी त्यांना मिळाल्या. पुढे चौकशी झाली. मुद्दाम सामने हरल्याचं सिद्ध झालं नाही, तरी २०१३ मध्ये क्लबला पाच लाख डॉलर दंड भरावा लागला. पहिल्या क्रमांकाने घेतलेला टॉम स्कली तर दोनच हंगामांनी ग्रेटर वेस्टर्न सिडनी या क्लबकडे निघून गेला. पाठीराख्यांच्या दृष्टीने खरं नुकसान दंडाचं नव्हतं. आपल्या संघाने जिंकावं की हरावं, या संभ्रमात त्यांनी अख्खा हंगाम काढला होता.

बापाचा क्लब

बॅरासीच्या काळचा नियम आजही आहे, पण त्याला आता किंमत लागते. वडिलांनी त्या क्लबकडून किमान १०० सामने खेळलेले हवेत. (थोरल्या बॅरासीचे सामने ५८ होते. म्हणजे आजच्या नियमात त्याचा मुलगा मेलबर्नला मिळालाच नसता.) ड्राफ्टच्या दिवशी दुसरा कुठलाही क्लब आपली पाळी आली की त्या मुलाचं नाव पुकारू शकतो. तेव्हा वडिलांच्या क्लबने तेवढ्याच मोलाच्या निवडी मोजून द्यायच्या. २०१५ पासून प्रत्येक निवडीला गुण ठरवून दिलेले आहेत. पहिल्या निवडीचे गुण त्या वेळी ३,००० होते. वडिलांच्या क्लबला यात सूट मिळते. ती आधी वीस टक्के होती, आता कमी केली आहे.

२०२१ मध्ये गोल्ड कोस्टने निक डेकॉसचं नाव पुकारलं. त्याचे वडील पीटर कॉलिंगवुडचे लाडके खेळाडू होते. कॉलिंगवुडने नंतरच्या क्रमांकांच्या बऱ्याच निवडी जमवूनच ठेवल्या होत्या. त्या देऊन त्यांनी निकला घेतलं, आणि २०२३ च्या विजेत्या संघात तो व त्याचा भाऊ जॉश दोघेही खेळले. ब्रिस्बेनचा विल अ‍ॅशक्रॉफ्टही असाच वडिलांच्या क्लबमध्ये आला. २०२४ च्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडूचं पदक त्याने मिळवलं.

हिशेबाने पाहिलं तर हा नियम अन्याय्य आहे. ज्या क्लबच्या जुन्या खेळाडूंना गुणी मुलगे झाले, त्यांची चांदी. तरी तो राहावा, असं मला वाटतं. बापाचा खेळ पाहिलेल्या माणसाला मुलाचा खेळही त्याच रंगात बघायला मिळतो. हे सुख ड्राफ्टच्या रांगेतून मिळत नाही. फक्त सूट पूर्ण काढावी. क्लबने किंमत पुरी मोजावी.

निघून जाणारे

अंतिम सामन्यानंतर ऑक्टोबरात ट्रेडचा मोसम सुरू होतो. क्लब आपसात खेळाडू आणि निवडी यांची अदलाबदल करतात. इथे एक गोष्ट अमेरिकी खेळांहून वेगळी आहे. खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडे पाठवता येत नाही. याशिवाय २०१२ पासून, एका क्लबमध्ये आठ किंवा अधिक वर्षं काढलेला खेळाडू करार संपल्यावर ठरावीक अटींनी मोकळा होऊ शकतो.

फ्रँकलिन २०१३ चं विजेतेपद जिंकून लगेच असाच सिडनीला गेला. करार नऊ वर्षांचा आणि सुमारे एक कोटी डॉलरचा होता. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात हॉथॉर्नने त्याच्या सिडनीला ६३ गुणांनी हरवलं. सिडनीकडून त्याला विजेतेपद कधीच मिळालं नाही. तरी २०२२ मध्ये त्याने कारकिर्दीतला हजारावा गोल केला तेव्हा सिडनीचे प्रेक्षक हजारोंनी मैदानात धावले.

२०१४ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जचा कर्णधार रायन ग्रिफेन ग्रेटर वेस्टर्न सिडनीला निघाला. बदल्यात बुलडॉग्जने तिथला टॉम बॉइड घेतला. आदल्याच ड्राफ्टमधली पहिली निवड असलेल्या या कोवळ्या पोराला त्यांनी घसघशीत पगाराचा दीर्घ करार दिला. क्लब वेडा झालाय, असं लोक उघड म्हणाले. दोन वर्षांनी, २०१६ च्या अंतिम सामन्यात बॉइडने तीन गोल केले आणि बुलडॉग्जला १९५४ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळालं.

क्लबही निष्ठा मोडतो. २०२० मध्ये कॉलिंगवुडने पगाराचा भार हलका करण्यासाठी अ‍ॅडम ट्रेलोरला बुलडॉग्जकडे जायला लावलं, आणि तेही त्याच्या कराराची पाच वर्षं बाकी असताना. तेव्हा ‘खेळाडूंना निष्ठा उरली नाही’ ही तक्रार करताना निम्मा हिशेब क्लबच्या नावे लिहावा.

न हलणारे

खेळाडू आणि प्रशिक्षक येतात-जातात. क्लब टिकवण्याची वेळ आली की पुढे होतात ते पाठीराखे. १९८९ मध्ये लीगने फुट्सक्रे, म्हणजे आजचे बुलडॉग्ज, फिट्झरॉयमध्ये विलीन करायचं जाहीर केलं. कष्टकऱ्यांच्या त्या उपनगरातले लोक देणगीचे डबे घेऊन रस्त्यावर उभे राहिले. वकील पीटर गॉर्डन यांनी लढा चालवला, एका पाठीराख्या महिलेने कोर्टाचं दार ठोठावलं आणि काही आठवड्यांत दहा लाखांहून अधिक डॉलर जमले. विलीनीकरण बारगळलं. २०१६ चा विजय त्या डब्यांतून आला होता.

१९९६ मध्ये मेलबर्न आणि हॉथॉर्न यांच्या विलीनीकरणावर सभासदांनी मतदान केलं. मेलबर्नने होकार दिला, हॉथॉर्नने नकार. दोन्ही क्लब वाचले, आणि दोघांनीही पुढे विजेतेपदं जिंकली. फिट्झरॉय मात्र त्याच वर्षी संपला आणि ब्रिस्बेनमध्ये मिसळला. काही पाठीराखे ब्रिस्बेनसोबत गेले, काहींनी फुटबॉलच सोडला. पुढे फिट्झरॉयच्या ब्रायन ब्राउनचा मुलगा जोनाथन पिता-पुत्र नियमाने ब्रिस्बेनला आला आणि २००१ ते २००३ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं जिंकला. उरलेल्या अनेकांना या नियमानेच नव्या क्लबशी धागा जोडून दिला.

ड्राफ्टमुळे तळाच्या क्लबला ‘पुढच्या पाच वर्षांत’ असं म्हणता येतं. पण ती पाच वर्षं हरणाऱ्या संघाची वर्गणी भरणारी माणसं नसतील, तर ड्राफ्टचा उपयोग शून्य. समतेचं सगळं गणित पाठीराखा जागचा हलणार नाही या गृहीतकावर उभं आहे. त्या गृहीतकाची किंमत लीगने ओळखावी.

मेलबर्नला स्थायिक झालेल्या किंवा मुलांकडे चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या मराठी मंडळींना म्हणूनच एक सांगणं आहे. संघ निवडताना गुणतालिका पाहू नका आणि आवडता खेळाडूही पाहू नका, तो पुढच्या ऑक्टोबरात जाईल. राहत्या उपनगराचा, शेजाऱ्याचा किंवा नातवंडांच्या शाळेत ज्याचा गजर चालतो तो क्लब धरा. नव्या पोराला पाच वर्षं द्या, तोवर निवड फसली म्हणू नका. आणि तिथेच राहणार असाल तर सभासद व्हा. क्लब चालवणाऱ्यांना जाब विचारण्याचा हक्क मताने मिळतो.