संकटकाळी अपंगांचे हक्क : कंबोडियाचा धडा

संकटग्रस्त देशांतील अपंग बांधवांचा विषय निघाला की आपल्या मनात प्रथम दानधर्म येतो. अन्न, औषध व निवारा पुरविणे अगत्याचेच आहे; परंतु ही मदत दात्याची कृपा की अपंगाचा हक्क, हे आपण पारखून पाहिले पाहिजे. कंबोडियाचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे.

तेथे ख्मेर रूज राजवट १९७९ साली कोसळली, तरी युद्ध थांबले नाही. थायलंडच्या सरहद्दीवर पेरलेल्या भूसुरुंगांनी हजारोंना पांगळे केले. १९८२ साली तुन चन्नरेथ या सैनिकाचे दोन्ही पाय असेच गेले. पुढे जेझुइट सेवाकार्यात ते अपंगांसाठी चाकांच्या खुर्च्या तयार करू लागले. तथापि, तेवढ्यावर न थांबता त्यांनी इतर अपंगांसह भूसुरुंगांवर बंदी घालण्याची मागणी केली. १९९७ साली भूसुरुंगबंदीच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेस नोबेल शांतता पारितोषिकाचा मान मिळाला, तेव्हा तिच्या वतीने तो स्वीकारणाऱ्यांत तेही होते. त्याच वर्षीच्या ओटावा करारातील ६ व्या कलमाने, सुरुंगांस बळी पडलेल्यांच्या पुनर्वसनास साह्य करण्याचे कर्तव्य समर्थ राष्ट्रांवर सोपविले.

पुढे २००६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांच्या हक्कांचा करारनामा संमत केला. युद्ध व नैसर्गिक आपत्तीत अपंगांचे संरक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य होय, असे त्याचे ११ वे कलम सांगते. कंबोडियाने २००९ साली स्वतःचा कायदा केला व २०१२ साली या करारनाम्यास मान्यता दिली. २०१९ साली सुरक्षा परिषदेने २४७५ क्रमांकाच्या ठरावाद्वारे, मदतकार्यात व शांततेच्या प्रयत्नांत अपंगांना खरा सहभाग मिळावा, असे राष्ट्रांना आवाहन केले.

सहभागाचा हा आग्रह का, हे निर्वासितांच्या छावणीचा विचार केला असता ध्यानी येते. धोक्याचा भोंगा बहिऱ्यास ऐकू येत नाही. धान्याच्या रांगेत पांगळा उभा राहू शकत नाही. पाण्याची जागा आंधळ्यास सापडत नाही. या अडचणी ज्याच्या त्यालाच नेमक्या ठाऊक असतात. त्याला न विचारता आखलेली योजना, हेतू चांगला असूनही, त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

यरीहोच्या वाटेवर लोकांनी आंधळ्या बार्तीमयाला गप्प बसविण्याचा प्रयत्न केला. प्रभूने मात्र त्याला बोलावून त्याची इच्छा विचारली. आपल्या मंडळीत पूर वा दुष्काळ निवारणाची समिती नेमताना आपण कोणाचे अनुकरण करतो? यादीत अपंगांची नावे असतातच. समितीतही ती असावीत, अशी आमची पाळकांस व धर्मशिक्षकांस विनंती आहे.