प्राणी सोबत नेताना : तो सामान आहे की सहायक?

आमच्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांची मुले आता नोकरी-धंद्यासाठी मुंबई, पुणे, हैदराबाद किंवा आखाती देशांत स्थायिक होत आहेत. घर हलवायचे म्हटले की सामानाची तजवीज होते, पण घरातली मांजर किंवा कुत्रा यांचा विचार शेवटच्या दिवशी होतो. मग स्टेशनवर दंड भरावा लागतो, विमानतळावरून परत फिरावे लागते, नाहीतर मुके जनावर कोणाच्या तरी दारात सोडून दिले जाते. हे टाळायचे तर एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. प्रवासाच्या नियमांत प्राणी दोन प्रकारचे आहेत. एक पाळीव, म्हणजे हिशेबाने सामान. दुसरा अपंग माणसाला आधार देणारा प्रशिक्षित प्राणी, म्हणजे सहायक. दोघांचे कायदे वेगळे आहेत.

प्रथम रेल्वे पाहू. पाळीव कुत्रा फक्त फर्स्ट एसी किंवा पहिल्या वर्गात सोबत नेता येतो, आणि तोही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल तरच. टू-टियर, थ्री-टियर, स्लीपर व चेअर कार यांत परवानगी नाही. नागपूर-बिलासपूर मार्गावर डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली वंदे भारत ही चेअर कारचीच गाडी आहे, तेव्हा तिचा विचार सोडावा. लहान पिल्लू मात्र टोपलीत घालून, भाडे भरून नेता येते. मोठ्या कुत्र्यासाठी दुसरा मार्ग म्हणजे गार्डच्या डब्यातील पेटी. दोन्ही वेळी गाडी सुटण्याच्या बरेच आधी पार्सल ऑफिसात जाऊन, पशुवैद्यकाचा दाखला दाखवून रीतसर पावती घ्यावी. बिगर-बुकिंग प्राणी सापडला तर सामानाच्या दराच्या सहापट आकारणी होते.

येथे आम्ही कापडवाल्यांना ठाऊक असलेली एक बाब सर्वांच्या उपयोगाची आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १०३ प्रमाणे, बुकिंगच्या वेळी किंमत जाहीर करून जादा शुल्क भरले नसेल तर रेल्वेची जबाबदारी ठरावीक रकमेपुरतीच राहते. हा हिशेब कापडाच्या गाठीला लागतो तसाच जनावरालाही लागतो. कागदावर त्याची किंमत किरकोळच धरली जाते. म्हणून काळजी आपणच घ्यायची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत गार्डच्या डब्यातील पेटी ही जनावरासाठी भट्टीच असते. शक्य असेल तर प्रवास हिवाळ्यात ठेवावा.

आता विमान. नागपूरहून उडणारी बहुतेक विमाने इंडिगोची आहेत आणि ही कंपनी पाळीव प्राणी नेत नाही. एअर इंडिया नेते. अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय सुरू केली. तेव्हा आधी कंपनी पाहावी, मग तिकीट काढावे. प्रवासी डब्यात न्यायच्या प्राण्याचे वजन पिंजऱ्यासकट मोजतात, हे पुष्कळांना माहीत नसते. वजन जास्त भरले तर प्राणी खाली मालाच्या भागात जातो. पिंजरा एवढा हवा की प्राणी त्यात उभा राहील, वळेल आणि आडवा होईल. बसक्या नाकाच्या जाती, जसे पग, बुलडॉग व पर्शियन मांजर, यांना उष्णतेत श्वास घेणे कठीण जाते. त्यांना मालाच्या भागात पाठवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. रेबीजच्या लशीची नोंद व आरोग्याचा दाखला सोबत ठेवावा.

परदेशातून येणाऱ्यांसाठी आणखी एक खबरदारी. शारजा किंवा दोह्याहून थेट नागपूरला उतरण्याची सोय असली, तरी प्राणी येथे उतरवता येत नाही. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद यांसारख्या ठरावीक ठिकाणीच सरकारच्या पशु संगरोध खात्याची तपासणी आहे व त्यांचे ना-हरकत पत्र आगाऊ घ्यावे लागते. बॅगेज म्हणून प्राणी आणण्याची मुभा दोन वर्षे परदेशात राहून कायमचे परतणाऱ्यांनाच आहे.

आता सहायक प्राण्याचा मुद्दा. अंध प्रवाशाचा प्रशिक्षित मार्गदर्शक कुत्रा हा सामान नव्हे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अपंग प्रवाशांविषयीच्या नियमांत त्याला स्थान आहे आणि पाळीव प्राणी न नेणारी इंडिगोसुद्धा असा कुत्रा नेते. अमेरिकेत १९९० च्या अपंगांविषयीच्या कायद्यामुळे असा कुत्रा हॉटेलात, दुकानात आणि डिस्नेच्या करमणूक उद्यानांतही जाऊ शकतो; पाळीव कुत्र्याला तसा हक्क नाही. मात्र केवळ मनाला आधार म्हणून बाळगलेल्या प्राण्याला सहायक म्हणून सोबत न्यायची विमान कंपन्यांवरील सक्ती तेथे जानेवारी २०२१ पासून राहिलेली नाही. सवलतीचा गैरवापर वाढला की खऱ्या गरजवंताकडेही संशयाने पाहिले जाते.

आपल्याकडे २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा समान वागणूक व योग्य सोयी देण्यास सांगतो, परंतु त्यात मार्गदर्शक कुत्र्याचा नावाने उल्लेख नाही. त्यामुळे दारावर निर्णय घेतो तो पहारेकरी, आणि त्याला कोणी काही सांगितलेले नसते. प्राणिसंग्रहालयात व व्याघ्र प्रकल्पात रोगराईच्या भीतीने बाहेरचे प्राणी रोखणे समजण्यासारखे आहे. पण दुकान, हॉटेल किंवा बाग यांचे तसे नाही. ज्या बांधवांचे असे व्यवसाय आहेत त्यांनी आपल्या नोकरांना आजच सांगून ठेवावे : पट्टा व हार्नेस असलेला कुत्रा अंध ग्राहकाला घेऊन आला, तर अडवू नये आणि कुत्र्याला हातही लावू नये. तो आपले काम करीत असतो. त्याला बाहेर ठेवणे म्हणजे त्या माणसाला बाहेर ठेवणे होय.