दोन खोल्यांतील बेगमी

कोकणांत मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं अगोटीची खरेदी होत असे. मीठ, मिरच्या, कांद्यांच्या माळा, डाळी, सुके बोंबील हें सर्व घरांत येऊन पडलें, कीं मगच गृहिणी आभाळाकडे निश्चिंतपणें पाहूं शके. गोमंतकांत याच बेगमीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. परंतु त्या घरांना कोठीची स्वतंत्र खोली असे. शहरांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत कोठी नाहीं आणि जिन्याखालींच वाण्याचें दुकान, तेव्हां बेगमीची आठवण बुजत गेली, तर त्यांत नवल नाहीं.

ती आठवण दोन प्रसंगांनीं पुन्हां करून दिली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उपनगरांतील अनेक तळमजल्यांवर पाणी शिरलें, आणि जमिनीवर ठेवलेलें धान्य पहिल्याच रात्रीं नासलें. पुढें २४ मार्च २०२० रोजीं रात्रीं आठ वाजतां देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. ती मध्यरात्रीपासून लागू व्हावयाची होती. त्या चार तासांत दुकानांपुढें जी झुंबड उडाली, तींत धान्य कमी पडण्यापेक्षां तें कमी पडेल ही भीतीच अधिक होती.

भीतीला उत्तम उतारा म्हणजे हिशेब. मोठ्या माणसास दिवसाला सुमारें ४०० ग्रॅम धान्य व ८० ग्रॅम डाळ पुरते. लहान मुलास याच्या निम्म्याहून थोडें अधिक. दोन मोठीं माणसें व दोन मुलें यांना दहा दिवसांसाठीं १३ किलो धान्य व अडीच-तीन किलो डाळ लागेल. तेलाच्या १५ किलोच्या रिकाम्या चौकोनी डब्यांत १२-१३ किलो तांदूळ सहज मावतो. म्हणजे दहा दिवसांची निर्धास्ती एका डब्याएवढी जागा अडविते! जागा नाहीं ही सबब येथेंच संपते.

आतां, काय ठेवावें? गहू वर्षभर टिकतो खरा, पण विजेवांचून गिरणी बंद, आणि गिरणीवांचून गहू निरुपयोगी. दळून ठेवलेलें पीठ पावसाळ्यांत महिन्याभरांत कडवट होऊं लागतें. म्हणून संकटाच्या डब्यांत तांदूळच बरा. तोहि शिजविण्यास एका किलोला दोन लिटर पाणी मागतो, धुण्याचें वेगळेंच. आणि विस्तव तर हवाच. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे आपल्या जुन्या खाण्यांतील शहाणपण ध्यानांत येतें. पोहे नुसते भिजवून खातां येतात. सातूचें पीठ गूळपाण्यांत कालविलें कीं झालें. मेतकूट, फुटाणे, चुरमुरे यांना चुलीची गरजच नाहीं. पहिल्या दोन-तीन दिवसांचें अन्न असें असावें. शेंगदाणे मात्र बेताचेच घ्यावेत, ते लवकर खवट होतात. पिण्याला व स्वयंपाकाला माणशीं चार लिटर धरले, तर चौघांना तीन दिवसांसाठीं ४८ लिटर पाणी लागतें. याहून अधिक पाणी लहान घरांत मावणें कठीणच.

धान्याचे खरे शत्रू दोन, ओल आणि कीड. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोंक पाडून आंत अंडें घालते व तें भोंक लिंपून टाकते. त्यामुळें दुकानांतून स्वच्छ म्हणून आणलेला तांदूळ महिन्याभरांत किड्यांनीं वळवळूं लागतो. अशा वेळीं वाण्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. किड्यालाहि हवा लागते. म्हणून एका मोठ्या पिंपापेक्षां घट्ट झांकणाचे लहान डबे कांठोकांठ भरावे व एका वेळीं एकच उघडावा. डाळीला ऊन द्यावें. पण ती पूर्ण निवल्यावांचून झांकण लावूं नये, नाहींतर आंतल्या आंत वाफ धरून तिला बुरशी येते. किलोमागें चहाचा चमचाभर एरंडेल चोळलें तर डाळ चांगली टिकते. शिजवितांना ती धुऊन घ्यावी. कडुनिंबाचा पाला घालावयाचा तर कडकडीत वाळलेला असावा. मोठ्या कोठारांत वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मात्र घरांत कदापि आणूं नयेत. हवेंतील ओलाव्यानें त्यांतून विषारी वायू सुटतो, आणि लहान घरांत धान्याशेजारींच मुलें निजलेलीं असतात. बंद खोलींत यामुळें माणसें दगावलेलीं आहेत. पाऱ्याच्या गोळ्याहि तशाच वर्ज्य.

डबे माळ्यावर किंवा पलंगाखालीं पाटावर ठेवावे. झिरपणाऱ्या भिंतीला टेकूं देऊं नयेत. तळमजल्यावर राहणाऱ्यांनीं तर माळाच पत्करावा. रॉकेल व साबण यांचा शेजार टाळावा.

पुष्कळ घरांत हा डबा मोठ्या उत्साहानें भरला जातो आणि वर्षानें उघडतात तेव्हां आंत जाळीं असतात. याचें कारण तो ‘संकटाचा’ म्हणून वेगळा काढलेला असतो. रोज जें खातों तेंच त्यांत असावें. नवा तांदूळ आला कीं डब्यांतील जुना स्वयंपाकाला काढून नवा त्यांत भरावा, व झांकणाला तारखेची चिठ्ठी डकवावी. या रीतीनें महिन्याच्या खर्चांत एकदांच काय ती भर पडते. तीहि दर आठवड्याला किलो-दीड किलो अधिक घेऊन सोसतां येते. शांतपणाच्या दिवसांत असा हळूहळू भरलेला डबा ज्याच्या घरीं आहे, त्याला आणीबाणीच्या संध्याकाळीं दुकानाच्या रांगेंत उभें राहावें लागत नाहीं. ती जागा रोजच्या मजुरीवर रोजचें धान्य आणणाऱ्यासाठीं मोकळी राहते.