गेम सर्व्हरवरील प्रोसेसरचा अतिवापर

गेम सर्व्हरवरील प्रोसेसरचा अतिवापर ही अनेक खेळाडूंनी आंतरजालावर एकत्र खेळायच्या संगणकीय खेळांत उद्भवणारी तांत्रिक अडचण आहे. खेळाच्या जगाची स्थिती सांभाळणाऱ्या सर्व्हरला ठरलेल्या वेळेत आकडेमोड पूर्ण करता आली नाही, तर सर्व खेळाडूंचा खेळ एकाच वेळी अडखळतो. तिच्या निदानासाठी प्रोसेसरच्या एकूण वापराची टक्केवारी पुरेशी नसते; एका 'टिक'ला लागणारा वेळ हे अधिक भरवशाचे माप ठरते.

टिक आणि वेळेची मर्यादा

सर्व्हर खेळाचे जग ठरावीक अंतराने एकेक पाऊल पुढे नेतो. अशा एका आवर्तनाला टिक म्हणतात. प्रत्येक टिकमध्ये खेळाडूंच्या आज्ञा वाचणे, हालचाली व टकरी मोजणे आणि बदललेली स्थिती सर्वांना कळवणे ही कामे होतात. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत सेकंदाला २० टिक असतात, म्हणजे प्रत्येक टिकसाठी ५० मिलिसेकंद मिळतात. व्हॅलोरंटमध्ये सेकंदाला १२८ टिक असल्याने ही मर्यादा सुमारे ७.८ मिलिसेकंद आहे.

नेटवर्कचा विलंब आणि सर्व्हरचा विलंब

या दोन्हींची लक्षणे सारखी दिसत असल्याने अनेकदा गफलत होते. भारतातील खेळाडूंना पूर्वी बहुधा सिंगापूरमधील सर्व्हरवर अवलंबून राहावे लागे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने २०१६ मध्ये मुंबईत क्लाउड सेवा सुरू केल्यावर महाराष्ट्रातच सर्व्हर चालवणे सोपे झाले.

सातारा जिल्ह्यातील पाचगणी मुंबईपासून रस्त्याने सुमारे २५० किलोमीटर आहे. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. त्यामुळे एवढ्या अंतराची जा-ये केवळ अडीच मिलिसेकंदांत होऊ शकते; मार्गातील वळसे व उपकरणे यांमुळे प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो. पाचगणीतील एकाच खेळाडूचा खेळ अडखळत असेल, तर दोष त्याच्या जोडणीत असण्याची शक्यता जास्त. मात्र पाचगणी, पुणे आणि मुंबई येथील खेळाडूंना एकाच क्षणी अडचण येत असेल, तर सर्व्हर तपासावा लागतो.

निदान

अनेक सर्व्हरांत खेळाचे मुख्य काम एकाच थ्रेडवर चालते आणि एक थ्रेड एका वेळी एकच कोअर वापरू शकतो. आठ कोअरच्या यंत्रावर असा थ्रेड पूर्ण क्षमतेने चालत असला, तरी एकूण वापर केवळ १२.५ टक्के दिसू शकतो. लिनक्सवरील 'टॉप' या आज्ञेत मात्र साधारणतः एका कोअरचा पूर्ण वापर म्हणजे १०० टक्के धरतात. तेथे प्रक्रियेपुढे ३०० टक्के दिसणे ही चूक नव्हे. म्हणून वापर कोअरनिहाय व थ्रेडनिहाय पाहतात.

टिक लांबला, पण प्रोसेसर मोकळा असला, तर सर्व्हर डिस्क किंवा डेटाबेसच्या उत्तरासाठी खोळंबलेला असू शकतो. भाड्याच्या आभासी यंत्रावर शेजारच्या ग्राहकांच्या कामामुळे प्रोसेसरचा वेळ हिरावला जातो. 'टॉप'मध्ये तो वेगळ्या रकान्यात दिसतो. यानंतर प्रोफायलर या साधनाने कोणत्या कार्यात किती वेळ गेला हे मोजतात. माइनक्राफ्टसाठी 'स्पार्क' हे साधन प्रचलित आहे.

प्रमुख कारणे

* जोड्यांची वाढ: प्रत्येक खेळाडूची इतर प्रत्येकाशी तुलना केल्यास १० खेळाडूंच्या ४५, तर १०० खेळाडूंच्या ४,९५० जोड्या होतात. खेळाडू दहापट झाले, तर काम सुमारे ११० पट वाढते.
* जगातील वस्तू: एका जागी साठलेले प्राणी, पडलेल्या वस्तू आणि स्वयंचलित यंत्रणा.
* नवा प्रदेश: खेळाडू वेगाने पुढे सरकल्यास जगाचे नवे भाग त्याच क्षणी तयार करावे लागतात.
* प्लगइन: प्रत्येक टिकला अनावश्यक काम करणारे किंवा मुख्य थ्रेड अडवून ठेवणारे पूरक प्रोग्राम.
* स्मृतीची सफाई: जावासारख्या भाषांत न लागणारी स्मृती मोकळी करताना काम क्षणभर थांबू शकते.
* यंत्र तापणे: तापमान वाढल्यास प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो.

उपाय

कोअरची संख्या वाढवल्याने एका थ्रेडवरचा भार हलका होत नाही. अशा वेळी प्रत्येक कोअर अधिक वेगवान असलेला प्रोसेसर उपयोगी पडतो. खर्च करण्यापूर्वी प्लगइन एकेक करून बंद करणे, सक्रिय प्रदेशाची कक्षा कमी करणे आणि जग आधीच तयार करून ठेवणे हे उपाय करतात. एका वेळी एकच बदल करून टिकचा वेळ पुन्हा मोजला, तरच खरे कारण निश्चित होते.

मोठ्या प्रमाणावरही पद्धत हीच असते. रायट गेम्सने २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार, व्हॅलोरंटच्या विकासाच्या आरंभी सर्व्हरच्या एका आवर्तनाला ५० मिलिसेकंद लागत. एका कोअरवर तीनहून अधिक सामने चालावेत म्हणून २.३४ मिलिसेकंदांचे लक्ष्य ठरवण्यात आले. प्रत्येक विभागाचा वेळ स्वतंत्रपणे मोजून त्याला मर्यादा घालून देण्यात आली. पात्रांच्या ॲनिमेशनची गणना सर्व्हरवर प्रत्येक आवर्तनाऐवजी दर चौथ्या आवर्तनात करणे, हा त्यांपैकी एक बदल होता.