डिस्चार्जनंतरचं आजारपण

दादाला घरी आणलं त्या दिवशी आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, गल्लीत पेढे वाटले. न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि ३१ दिवस तो आयसीयूत होता. त्यातले २४ दिवस व्हेंटिलेटरवर. गळ्याला भोक पाडून नळी घातली होती. ती निघाली, जखम भरत आली आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या." आम्हाला वाटलं, जिंकलो!

खरी परीक्षा तर पुढेच होती. हातापायांच्या नुसत्या काड्या झालेल्या. चहाचा कप तोंडापर्यंत नेताना निम्मा चहा बशीत. संडासला न्यायचं तर दोघांनी धरायचं. रात्री दचकून उठायचा आणि "मला बांधून ठेवू नका" म्हणून ओरडायचा. पंचवीस वर्षं किराणा दुकान चालवलेला माणूस, पण साखर आणि तेलाची बेरीज चुकायची. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल!

महिनाभरानं कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, "बायको फार लाड करते, म्हणून उठत नाही." कुणी म्हणे, "हिला नीट करता येत नाही, म्हणून उठत नाही." वहिनी दोन्हीकडून दोषी. एकदा मागच्या दारी भांडी घासताना ती एवढंच म्हणाली, "वन्सं, हे आयसीयूत होते तेव्हा निदान विचारायला तरी माणसं यायची."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून या विषयावर मिळेल ते वाचत गेले. मैत्रिणींनो, दादाचं हे दुखणं काही जगावेगळं नव्हतं. डॉक्टरी भाषेत त्याला 'क्रॉनिक क्रिटिकल इलनेस' म्हणतात. १९८५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लेखनात हा शब्द आला. जिवावरचं संकट टळलेलं असतं, पण यंत्र सुटत नाही, ताकद येत नाही, डोकं ठिकाणावर येत नाही. पूर्वी इतकी आजारी माणसं वाचतच नसत. ती वाचू लागली आणि हा नवाच आजार समोर आला. साधारण २१ दिवस किंवा जास्त व्हेंटिलेटर लागला, तर तो 'दीर्घकाळ' समजतात. आपल्याकडे २०२० आणि २०२१ च्या कोरोनानंतर असे दुखणाईत गावोगाव दिसले.

यातून सगळेच उठतात असं नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात अशा १२६ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला, त्याचे निष्कर्ष २०१० साली आले. वर्षानंतर कुणाच्याही आधाराशिवाय वावरणारे फक्त ११ निघाले. आकडा वाचून मी वही मिटून ठेवली होती.

पण कॅनडातल्या टोरांटोच्या डॉ. मार्गारेट हेरिज यांचं काम वाचलं आणि जरा धीर आला. फुप्फुसं निकामी होऊन आयसीयूत गेलेली आणि वाचलेली १०९ माणसं त्यांनी निवडली. मधलं वय ४५. म्हणजे ऐन संसारातली माणसं. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं त्यांना बोलावून तपासलं. आयसीयूतून बाहेर पडतानाच त्यांचं वजन १८ टक्क्यांनी घटलेलं होतं. परीक्षा अगदी साधी. सहा मिनिटांत किती चालता? तीन महिन्यांनी उत्तर आलं २८१ मीटर, वर्षानं ४२२. कामावर वर्षभरानं परतले होते जेमतेम निम्मे. गंमत म्हणजे तोवर फुप्फुसं बरीचशी पूर्ववत झाली होती. अडलं होतं ते गेलेल्या मांसामुळे आणि थकव्यामुळे. हे २००३ साली छापून आलं. २०११ मध्ये त्यांनी पाच वर्षांनंतरचा हिशेब मांडला, तेव्हाही ही माणसं अपेक्षित अंतराच्या ७६ टक्केच चालत होती.

'रिपोर्ट नॉर्मल, मग उठत का नाही?' या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. मांस किती वेगानं झडतं, हे लंडनच्या डॉक्टरांनी ६३ रुग्णांच्या मांडीची सोनोग्राफी करून मोजलं. दहा दिवसांत मांडीच्या स्नायूचा सुमारे १८ टक्के भाग गेलेला! आणि बेरीज चुकण्याचं? अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या अभ्यासात आयसीयूतून वाचलेल्यांची तीन महिन्यांनी बुद्धीची चाचणी घेतली. डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाला मिळावेत इतके कमी गुण ४० टक्के जणांना मिळाले. दादाला साखर-तेलाचा हिशेब जमत नव्हता, यात नाटक कसलं?

मग उपाय काय? शिकागो आणि आयोवाच्या डॉक्टरांनी २००९ साली १०४ रुग्णांवर करून पाहिलं. गुंगीचं औषध रोज थोडा वेळ थांबवायचं आणि व्हेंटिलेटर चालू असतानाच हातपाय हलवायचे, बसवायचं, जमलं तर उभं करायचं. असं केलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण घरी जाताना आपलं आपण करू शकत होते, बाकीच्यांत ३५ टक्के. पण इथं घाई नको. २०२२ मध्ये सहा देशांतल्या ७५० रुग्णांवर नेहमीपेक्षा जास्त आणि लवकर व्यायाम करून बघितला, तर वेगळा फायदा दिसला नाही. उलट रक्तदाब आणि हृदयाचे ठोके बिघडण्याचे प्रकार वाढले. माझ्या मते घरी आणताना फिजिओथेरपिस्टला स्पष्ट विचारावं की कोणता व्यायाम, किती वेळा आणि कधी थांबायचं. आम्ही विचारलंच नाही. कुणी आपणहून सांगितलंही नाही. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची मोठी यादी होती, व्यायामाची एक ओळ नव्हती.

आता वहिनीकडे वळते, कारण मला सगळ्यात जास्त हलवलं ते तिच्याबद्दलच्या संशोधनानं. हो, तिच्याबद्दलचं! कॅनडातल्या दहा हॉस्पिटलांत डॉ. जिल कॅमरॉन, डॉ. हेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना बाजूला ठेवून त्यांना सांभाळणाऱ्यांनाच प्रश्न विचारले. निदान सात दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेल्यांच्या घरची २८० माणसं. त्यांत ७० टक्के बायका. बहुतेक जण नवऱ्याला किंवा बायकोला सांभाळणारे. सुरुवातीला त्यांतल्या ६७ टक्क्यांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं होती. वर्ष उलटल्यावरही ४३ टक्क्यांमध्ये ती होतीच.

आपल्याला वाटेल, घरचा माणूस जितका जास्त आजारी, तितकी सांभाळणारी खचणार. तसं निघालं नाही. आजार किती गंभीर होता, या आणि अशा गोष्टींशी तिच्या खचण्याचा सातत्यानं संबंध जुळलाच नाही. जुळला तो तिच्या स्वतःच्या परिस्थितीशी. वय कमी असेल, आधाराला माणसं नसतील, तिची स्वतःची कामं आणि जाणंयेणं बंद पडलं असेल, आयुष्य आपल्या हातात राहिलं नाही असं वाटत असेल, तर ती जास्त खचायची. २०१६ सालचा हा अभ्यास मी वाचला आणि मागच्या दारी भांडी घासणारी वहिनी डोळ्यांसमोर आली. कॅनडातल्या बायकांनी तिच्याच तर मनातलं सांगितलं होतं!

त्यानंतर मी आणि धाकट्या वहिनीनं वार वाटून घेतले. मंगळवार आणि शनिवार आमचे. पहिल्या शनिवारी वहिनी माहेरी जाते म्हणून निघाली आणि स्टँडवरूनच परत आली. "जीव राहिना." दुसऱ्या शनिवारी मात्र गेली. आईनं कुरकुर केली, ती आम्ही ऐकून घेतली.

वहिनीची एक जुनी वही होती. हॉस्पिटलात असताना औषधांची बिलं, कुणाकडून किती उसने घेतले, हे सगळं ती त्यात लिहायची. मध्येच एखादी ओळ, 'आज यांनी बोट हलवलं', 'आज मला ओळखलं नाही'. युरोपात कितीतरी ठिकाणी नर्स आणि नातेवाईक मिळून अशी डायरी मुद्दाम लिहितात, कारण रुग्णाला ते दिवस आठवत नाहीत, आठवतात ती भीतीदायक स्वप्नं. सहा देशांतल्या ३५२ रुग्णांच्या २०१० सालच्या अभ्यासात डायरी मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांना त्या धक्क्याचा मानसिक आजार जडला, न मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांना. २०१९ च्या फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात मात्र असा फरक दिसला नाही.

आमच्याकडे दादानं ती वही सहा महिन्यांनी वाचली. हात बांधल्याचं त्याला आठवत होतं ते स्वप्न नव्हतं. नळी ओढू नये म्हणून खरंच चार दिवस हात बांधले होते, वहिनीनं तारखेसकट लिहिलं होतं. तो बराच वेळ ते पान धरून बसला. मग मागची पानं उलटली, उसनवारीचे आकडे बोटानं जुळवत गेला आणि म्हणाला, "इथं तुझी दोनशेची चूक झालीय."

बेरीज बरोबर होती त्याची.