आधी नाव विचारतात ते का?

सोयाबीनची रास सुरू झाली की माझ्या पोटात गोळा येतो. गेल्या हंगामात आमच्या गटातल्या एका ताईंचा पदर मळणी यंत्रात गेला आणि पदरामागं हात. कुणी हळद आणा म्हणालं, कुणी पाणी पाजा. दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर मुलीनं जखमेवर कापड दाबून धरलं आणि विचारलं, "मावशी, नाव काय तुमचं?" मला तर रागच आला. हात तुटायला आलाय आणि हिला नाव हवंय!

नंतर तिनंच समजावलं. माणूस नीट बोलला म्हणजे श्वासाची वाट मोकळी आहे, श्वास चालू आहे, मेंदूला रक्त पोचतंय. एका प्रश्नात तीन तपासण्या. धो धो वाहणारं रक्त आधी दाबायचं, मग श्वासाची वाट, श्वास, नाडी, शुद्ध, आणि शेवटी कपडे बाजूला करून सगळं अंग बघायचं. नुसतं पाठ करून भागत नाही, पुतळ्यावर पुन्हा पुन्हा हात बसवावा लागतो.

हा क्रम अमेरिकेतल्या एका अपघातातून आला. 1976 साली डॉ. जेम्स स्टायनर यांचं छोटं विमान नेब्रास्कात शेतात कोसळलं. पत्नी गेल्या, मुलं जखमी झाली. गावाकडच्या दवाखान्यातले उपचार बघून त्यांना वाटलं, डॉक्टरांना हे शिकवलंच जात नाही. 1978 मध्ये पहिला वर्ग भरला. आज तो जगभर चालतो.

आपल्याकडं किल्लारी कोण विसरेल? 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड धाबं. तासन् तास पाय दगडाखाली राहिला की स्नायू मरतात. दगड उचलला की त्यातलं विष एकदम रक्तात उतरतं. बोलता माणूस बाहेर काढल्यावर दगावू शकतो, मूत्रपिंडं निकामी होतात. लंडनमध्ये 1941 च्या बॉम्बहल्ल्यांत डॉक्टरांनी हे ओळखलं. म्हणून ढिगारा उचलण्याआधीच सलाईन लावायला शिकवतात.

नांदेडला 1988 पासून आणि लातूरला 2002 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण डॉक्टरपर्यंत पोचेतो जखमी आपल्याच हातात असतो. 108 ला फोन लावा, तो फुकट आहे. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. घुसलेलं लोखंड उपसू नका. पाणी पाजू नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. उंचावरून पडलेल्याला हातपाय धरून ओढू नका, मान-पाठ एका रेषेत ठेवून चौघींनी मिळून वळवा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात, मग पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. बोट थेट बर्फात नको. पोलिसांच्या भीतीनं मागं सरू नका. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनं कायद्याचं संरक्षण आहे.

आमच्या ताईंची दोन बोटं गेली, हात राहिला. आता राशीला जाताना त्या पदर खोचून वरून मालकांचा शर्ट घालतात, आणि आम्हालाही घालायला लावतात.