घाटात वाजलेलं इंजिन

बेळगावचा माणूस गोव्याहून परतताना टाकी फुल्ल केल्याशिवाय चोर्ला घाट चढत नाही. तिकडे पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, आणि ते सोडून यायचं म्हणजे जिवावर येतं. २०२२ च्या मे महिन्यात मीही तेच केलं. मंगेशीचं दर्शन घेऊन आम्ही परत निघालो होतो. आई-बाबा, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि मी. डिकीत नारळ, कोकम, काजू. साखळीजवळच्या एका पंपावर साधं पेट्रोल भरलं, एसी फुल्ल केला आणि निघालो.

केरी मागे पडली, अंजुणे धरण मागे पडलं, खरा चढ सुरू झाला. तिसऱ्या गिअरमध्ये एका वळणानंतर मी जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात बारीक खडे घालून हलवावेत तसा. मला वाटलं रस्त्यावरची खडी उडतेय.

बाबा शेजारी बसले होते. ते म्हणाले, "इंजिन वाजाय लागलंय. पाय काढ. गिअर खाली टाक."

"खडी आहे बाबा."

"खडी तुझ्या पायाबरोबर वाजत नाही."

पाय काढला, आवाज थांबला. परत दाबला, परत आला. मग दुसऱ्या गिअरमध्ये, एसी बंद करून, सगळ्यांच्या घामासकट घाटमाथ्यावर आलो. कणकुंबीला चहा घेताना बाबा काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

आता थोडं मागे जातो. ही गाडी मी आदल्या हिवाळ्यात पुण्याहून घेतली होती. चार वर्षं जुनी, छोटं टर्बो पेट्रोल इंजिन. आधीच्या मालकाने तिचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, एका ट्यूनरकडून नव्याने प्रोग्रॅम करून घेतला होता. कंपनीची १०५ अश्वशक्ती, त्याच्या म्हणण्याप्रमाणे आता १३५. जाताना एवढंच म्हणाला होता, "फक्त ९७ ऑक्टेन टाका." मी सॉफ्टवेअरवाला. फाइल बदलून तीस घोडे फुकट मिळतात म्हटल्यावर मला कोण आनंद! बाबांनी तेव्हाच विचारलं होतं, "फुकट कसे मिळतील?" मी हसलो होतो.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तसं नाही. ऑक्टेन म्हणजे सोसण्याची शक्ती. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, दाबलं की तापतं. ठिणगी पडल्यावर ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीत सरकली पाहिजे. पण दाब आणि उष्णता फार झाली तर लांबच्या कोपऱ्यातलं, ज्योत अजून न पोचलेलं मिश्रण आपणहून एकदम पेट घेतं. त्या धक्क्याने इंजिनाची धातू घंटेसारखी वाजते. तेच नॉकिंग. हे टाळण्याची इंधनाची क्षमता मोजताना आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला ० गुण धरले आहेत. ९१ ऑक्टेन म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकं सोसणारं पेट्रोल. त्या वेळी आपलं साधं पेट्रोल ९१ चं होतं. महागड्या नोझलमधून ९५, ९७, ९९ मिळायचं, आणि डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने एक्सपी १०० आणलं तेव्हा त्याचा दर लिटरला १६० रुपये होता.

म्हणून ज्यांच्या साध्या गाडीला कंपनीने ९१ सांगितलंय त्यांनी ९७ टाकून फारसं काही हाती लागत नाही. इंजिनाला ती सहनशक्ती वापरताच येत नसेल तर पैसे वाया. वापरायची कशी, हे ठरतं ट्यूनमध्ये.

ट्यून म्हणजे खरं तर आकड्यांचे तक्ते. आडवे इंजिनाचे फेरे, उभा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: पिस्टन वर पोचण्याआधी किती अंश ठिणगी टाकायची. पेट्रोल जळायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी आधी टाकावी लागते. ३००० फेऱ्यांना क्रँकशाफ्टचा एक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. एवढ्याशा वेळावर सगळा खेळ. ठिणगी लवकर टाकली तर, एका मर्यादेपर्यंत, ताकद जास्त मिळते. पण दाबही वाढतो आणि कमी ऑक्टेनचं पेट्रोल तो सोसत नाही. टर्बो असेल तर हवेचा दाब किती चढवायचा याचाही तक्ता असतो. जास्त ऑक्टेन गृहीत धरून दोन्ही आकडे वाढवले की झाले तीस घोडे. मी मात्र त्यांना गोव्याचं ९१ पाजलं होतं. चढ, मे महिना आणि पाच माणसं वर.

दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रीने स्पार्क प्लग काढले. चारपैकी एकाच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके आणि मधे दोन-तीन चकचकीत कण. "हे अ‍ॅल्युमिनियम," तो म्हणाला. "पिस्टनचं." मग नळीचा कॅमेरा आत घातला. पिस्टन शाबूत होते, कॉम्प्रेशनही चारही सिलिंडरला नीट आलं. असाच आणखी एखादा घाट चढला असता तर रिंगांमधली धातूची पट्टी तुटून इंजिन उघडावं लागलं असतं. त्याने सांगितलेला अंदाज दीड लाखाचा होता. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेली रक्कम साधारण तेवढीच होती. ही गोष्ट मी आईला अजून सांगितलेली नाही. हा लेख ती वाचेल तेव्हा कळेल.

एक प्रश्न मला सोडत नव्हता. नव्या गाड्यांच्या इंजिनावर नॉक सेन्सर असतो. तो सतत कान लावून बसतो आणि खडखड ऐकू आली की ईसीयू लगेच ठिणगी काही अंश मागे घेतो, मग हळूहळू पुढे आणतो. म्हणजे चुकीचं पेट्रोल पडलं तरी ताकद कमी व्हायला हवी होती. आम्हाला कानाने ऐकू येईपर्यंत तो गप्प का होता?

कोल्हापूरच्या एका जाणत्या माणसाने माझी फाइल आणि कंपनीची मूळ फाइल शेजारी शेजारी लावून दाखवल्या. ठिणगी बदललेली, टर्बोचा दाब बदललेला, ते अपेक्षित होतं. पण नॉक सेन्सरची संवेदनशीलताही कमी केलेली होती. आधीच्या ट्यूनरच्या मापन यंत्रावर तो मधे मधे ठिणगी मागे घेत असणार आणि आकडा १३५ पर्यंत जात नसणार. म्हणून त्याचेच कान बंद केले. आमच्या धंद्यात याला एक ओळखीचं रूप आहे: टेस्ट फेल होतेय? मग टेस्टच काढून टाका. मी स्वतः एकदा हे केलंय, त्यामुळे फार चिडताही येईना.

घरी हे सांगितलं तर बाबा आजोबांच्या अ‍ॅम्बॅसेडरवर घसरले. तिच्या डिस्ट्रिब्युटरला एक छोटी चाकी होती, एका बाजूला ए, दुसऱ्या बाजूला आर. अ‍ॅडव्हान्स आणि रिटार्ड. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असल्याचा वास आला किंवा चढाला इंजिन वाजलं की आजोबा गाडी थांबवून, बॉनेट उघडून ती आरकडे फिरवायचे. रॉकेलने ऑक्टेन घसरतं, हे त्यांना शब्दांत सांगता आलं नसतं. कानाला कळत होतं. "तुझ्या लॅपटॉपात तेच आहे ना?" बाबांनी विचारलं. तेच आहे. फक्त चाकीला एक आकडा होता, इथे चौकटी शेकड्याने.

माझा मेहुणा कॅलिफोर्नियात असतो. तिकडे हा प्रकार उघडपणे चालतो. त्याच्या सुबारूसाठी पंपावरच्या आकड्यानुसार वेगवेगळ्या फाइली मिळतात: ९३ साठी एक, ९१ साठी एक, आणि अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया, नेवाडा या तीन राज्यांतल्या ९१ साठी वेगळी, एसीएन ९१ नावाची. (तिकडचे आकडे आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने काढतात, त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१. फोनवर आमचा यावरून अर्धा तास वाद झाला होता.) मुद्दा असा की तिथे माणूस आधी विचारतो, तू पेट्रोल कुठे भरतोस?

कोल्हापूरच्या गृहस्थांनीही मला तेच विचारलं. त्यांनी तीन पर्याय ठेवले: कंपनीची मूळ फाइल, ९५ साठी बेताची, ९७ साठी चढी. शेवटच्या दोन्हींत नॉक सेन्सर मूळच्यासारखा जागा. मी ९५ वर बोट ठेवणार तेवढ्यात ते म्हणाले, "गाडी घरात अजून कोण चालवतं?"

बायको चालवते. तिची शाळा खानापूरकडे आहे. वाटेत काटा खाली आला की जो पंप येईल तिथे भरते, आणि तिने का लक्षात ठेवावं? मूळ फाइल परत घातली. १०५ घोडे. तसंही बदललेल्या फाइलीबरोबर वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं आणि विमा कंपनीला कळवण्याचा प्रश्न असतो, तो मी तोवर सोयीस्करपणे विसरलो होतो.

यात २०२५ ने नवीन गंमत केली. आता सगळीकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलचं ऑक्टेन १०० च्या वर, त्यामुळे ई-२० च्या मानकात किमान ऑक्टेन ९५ धरलं आहे. सहनशक्ती वाढली, पण इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज पडतं. मी स्कॅनर लावून दोन महिने नोंदी ठेवल्या. ईसीयू पूर्वीपेक्षा चार-पाच टक्के जास्त पेट्रोल सोडतोय, ठिणगी मात्र जवळजवळ कधीच मागे घेत नाही. म्हणजे ९५ ची फाइल आता कुठल्याही पंपावर चालेल, असं कागदावर दिसतं. पण माझी गाडी ई-१० च्या काळातली. जास्त इथेनॉलवर तिचे रबरी पाइप कसे टिकतात हे बघितल्याशिवाय दाब वाढवायला हात धजत नाही.

ती फाइल लॅपटॉपवर आहे. बायकोला सांगितलं तर तिने विचारलं, "त्याने माझी शाळा किती मिनिटं आधी येईल?" मी हिशेब केला नाही.

गेल्या दिवाळीत पुन्हा चोर्ल्याने आलो. टाकी अर्थातच गोव्यात भरलेली. अंजुणे धरण मागे पडल्यावर बाबांनी एसी बंद केला, काच खाली घेतली आणि घाटमाथ्यापर्यंत बाहेर कान देऊन बसले. कणकुंबी आली तेव्हा काच वर केली आणि चहाला थांब म्हणाले.